माटवीतली शेंग

आरती ऐन रंगात आली होती, माझ्या हातात टाळ होते, आणि कापराचा धूर डोळ्यांत गेला म्हणून मी मान वर केली.

वर माटवी होती. आमच्या तळकोकणात चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि रानातलं, परसातलं जे जे नवं सापडेल ते तिला बांधतात. नारळ, सुपारीचे शिपटे, लालभडक कवंडळं, हरणाची पिवळी फुलं, आंब्याचे टाळे. ज्याच्या माटवीत इतरांकडे नाही अशी वस्तू, त्याची वाडीत ऐट. तर त्या दिवशी आमच्या माटवीच्या बरोबर मधोमध, देवाच्या मुकुटावर, केळीच्या सोपाच्या दोरीने बांधलेली माझी शेंग लोंबत होती.

टाळ हातात तसेच राहिले. शेजारून सासूबाईंनी कोपर मारलं. "वाजय गो! देवाक काय नुसतीच बघत रवतंस?"

मी टाळ पाटावर ठेवले आणि आरती अर्धी टाकून मागच्या दाराने गोठ्याकडे धावले. असं आमच्या घरात त्याआधी कोणी केलं नव्हतं. पण मला खात्री करायची होती. माणसाला खोटी आशा असतेच ना, की ती दुसरीच कसली तरी शेंग असेल, भेंडी असेल, घोसाळं असेल!

दुसरी कसली असणार! गोठ्याच्या वाशाला टांगलेल्या टोपलीत माझं झाड होतं, त्याभोवती बांधलेल्या करवंदीच्या काटेरी फांद्या एका बाजूने नीट वाकवलेल्या होत्या, आणि शेंगेच्या जागी ओला, हिरवा काप होता. मी तिथेच शेणाच्या जमिनीवर बसले. चतुर्थीचं नवं लुगडं, त्याची पर्वा कोणाला! मला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं. असल्या रडण्यात नाक जास्त वाहतं.

आता या शेंगेची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका शेंगेपायी ही बाई देवाची आरती सोडून पळाली.

मी आंबोलीची. मी शाळेत होते तेव्हा घाटातला रस्ता रुंद करायला झाडं पाडली. पडलेल्या एका ऐनाच्या झाडाच्या फांदीला फुलं लागली होती. गुलाबी-पांढऱ्या फुलांचा हातभर लोंबता घोस, कोणी गजरा विणून टांगावा तसा. सीतेची वेणी म्हणतात तिला, झाडावर वाढणारं रानातलं ऑर्किड. मी ते अख्खं झाड मुळांसकट ओरबाडून डोक्यावर घेतलं आणि घरी आणलं. आई म्हणाली, "बांडगूळ हाडलंस? आमच्या फणसार जावचां तां." मी म्हटलं, बांडगूळ झाडाचा रस पितं, हे पीत नाही, नुसतं बसतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, मी मुळं नखाने उचकटून पाहिली होती. मग फणसाला काथ्याने ते बांधलं, आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचलंच नाही. इतर मुली भातुकली खेळायच्या, मी पडलेल्या फांद्या हुडकत फिरायचे.

लग्न झालं तेव्हा माहेरून भांडी आली, पलंग आला, आणि बांबूची एक टोपली आली. तिच्यात ती सीतेची वेणी. धुऱ्यांची सून हुंड्यात बांडगूळ घेऊन आली, यावर वाडी वर्षभर हसली. हसू देत. हसणाऱ्याचे दात दिसतात, आणखी काय होतं!

सासरे, म्हणजे आबा, हसले नाहीत. त्यांनी नुसती मान फिरवली. आबा म्हणजे हापूसच्या बागेतला माणूस. त्यांच्या लेखी जे खाता येत नाही ते झाड नव्हे. घरची गुरं विकल्यावर गोठा रिकामा पडला, तो मी मागितला तेव्हा म्हणाले, "घे. पण शिमग्यापर्यंत काय तां करून दाखव. काय झालां नाय तर गोठो काजू भरूक देवचो आसा."

दाखवायचं म्हणजे काय, तर विकण्याजोगी रोपं. एका झाडाची चार झाडं करून धंदा होत नाही. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, एका शेंगेत लाखांनी, पण मातीत टाकलं तर एकही रुजत नाही. ते प्रयोगशाळेत, काचेच्या बाटलीत पेरावं लागतं. गोव्यात फोंड्याला डॉक्टर लवंदे म्हणून बाई होत्या, त्यांची स्वतःची छोटी प्रयोगशाळा होती. त्यांना मी पत्रं लिहून लिहून भंडावलं, तेव्हा त्या म्हणाल्या, एक शेंग आणा, मी पेरून देते. त्यांच्याच बागेतला जांभळा वांडा, ऑर्किडचीच दुसरी जात, फुलला होता. त्याचे पराग मी आगपेटीत घेऊन आले आणि वैशाखात, काडीच्या टोकाने, माझ्या सीतेच्या वेणीला लावले. माझ्या डोक्यात एक फूल होतं. वेणीसारखं लोंबणारं, पण वांड्याच्या जांभळ्या रंगाचं. असं फूल मी कुठे पाहिलं नव्हतं.

घोसातली बाकीची फुलं गळली. एक टिकलं, त्याला शेंग धरली. ती मार्गशीर्षात तयार व्हायची होती. झाड वर्षातून एकदाच फुलतं, तेव्हा ही गेली की पुढची शिमग्यानंतर कधीतरी, आणि तोवर गोठ्यात काजूची पोती. एवढं त्या कोवळ्या भेंडीएवढ्या शेंगेत होतं.

आणि ती चार महिन्यांची, कच्ची, कापून देवाला टांगली होती.

मी तोंड धुऊन घरात आले तेव्हा आरती संपली होती. ओटीवर आबा पान लावत बसले होते, आणि शेजारचे बुधाजीकाका दारातून माटवीकडे बोट दाखवत विचारत होते, "तां मदलां काय रे? पडवळ?"

"पडवळ तुज्या घरात." आबांचा आवाज सणसणीत होता. "आमच्या सुनेच्या झाडाचां फळ तां. अख्ख्या गावात कोणाच्या माटवीक आसा तर दाखव!"

"नाव काय?"

"नाव..." आबा अडले. "नाव मोठां आसा. तुज्या तोंडात मावाचां नाय."

मी दाराआड उभी होते, तोंडात शिव्या गोळा केलेल्या. त्या तशाच गिळल्या. तीन वर्षं या माणसाने माझ्या झाडांकडे मान वळवून पाहिलं नव्हतं, आणि आज तो माझ्या नावाने मिरवत होता. आता याच्यावर ओरडायचं तरी कसं? पण गप्प बसायचं तरी कसं? 

मी मोदकांचं सारण तसंच टाकलं आणि तिठ्यावर, फोन होता त्या दुकानाकडे गेले. दुकान बंद होतं. मी मागचं दार वाजवून दुकानदाराला जेवणावरून उठवलं आणि फोंड्याला फोन लावला.

"कापली?" डॉक्टर लवंदे ओरडल्या. "कोणी?"

"सासऱ्यांनी. माटवीला बांधली."

 पलीकडे बाई हसायलाच लागल्या. "अगे बाई माझे! आमच्याकडे माटोळी म्हणतात. माझा भाऊ आता या क्षणी स्टुलावर उभा राहून तीच बांधतोय."

"बाई, तुम्ही हसताय, इथे माझा जीव चाललाय."

"हसत नाही ग. ऐक. फुटलीय का ती? हिरवी आहे?"

"हिरवी आहे. फुटलेली नाही."

"मग अजून धुगधुगी आहे. कच्च्या शेंगेतलं बीसुद्धा कधीकधी रुजतं, पण ताजी हवी. वर समईची धग, कापूर, उदबत्त्या. दोन दिवसांत सुकून कोळसा होईल. उद्या, फार तर परवा माझ्याकडे पोचली तर मी पेरीन. कोरड्या कागदात आण." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण माटोळीचं विसर्जनापर्यंत उतरवत नाहीत, हे तुला माहीत आहे ना? खरं सांगते, माझ्या घरात असती तर माझा हात झाला नसता."

आमचा गणपती गौरीबरोबर जाणारा.

"माझा होईल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

म्हटलं खरं.  देवाची भीती मला नव्हती असं नाही. मीही त्याच मातीतली. पण मला वाटत होतं, ज्याने एवढं मोठं पोट भरून मोदक खाल्ले त्याला माझी एक शेंग नसली तर काय उणं पडणार आहे?

जेवणं उरकली, घर लवंडलं. आबा ओटीवर उताणे पडले होते, छातीवर पंचा. मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले.

"आबा, ती शेंग माका व्हयी."

"खंयची शेंग?"

"माटवीतली. आजच्या आज. गोव्याक न्हेवची आसा."

आबांनी एक डोळा उघडला. "येडी काय खुळी? माटवीचां कोण उतरयता? माज्या बापाशीन उतरूक नाय, आज्यान उतरूक नाय. आणि गो, फळ काय एकच? पुढल्या वर्सा दुसरां येतला."

"पुढल्या वर्सा गोठ्यात काजू आसतले. तुमीच सांगितलास."

त्यांचा दुसरा डोळाही उघडला. मग मी त्यांना सांगितलं. शेंगेत काय असतं, ते कुठे पेरतात, एका शेंगेतून किती रोपं होतात, आणि शिमग्याला त्यांना दाखवायला माझ्याकडे तीच एक वस्तू होती हे सगळं. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी एवढं बोलले नव्हते. आबा उठून बसले.

"आणि ह्यां माका आदी कित्याक सांगलंस नाय?"

"तुमी कदी इचारलास?"

आबांनी पंचाने मान पुसली. मग म्हणाले, "पयलां फळ देवाक देवचां आसता. मी वायट कायएक करूक नाय."

"आबा, बुधाजीकाकांच्या माडाचो नारळ तुमी न इचारता काढलात आणि देवाक दिलात, तर चलात?"

"तो चोरीचो झालो. चोरीचां देवाक चलना नाय."

"मग माज्या झाडाची शेंग?"

"तू काय बुधाजी? तू घरातली!"

"म्हणजे माजां कायच नाय?"

मला हे बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. आतून सासूबाईंनी भांडं आपटलं, म्हणजे त्या ऐकत होत्या. आबा भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडवे झाले.

मी स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, सांगान ठेवतंय. रातच्या आरतीक वाडी जमली काय मी ती शेंग काढतलंय. सगळ्यांच्या समोर."

"अरे माज्या देवा!" आईंनी कपाळावर हात मारला. "काढूची तर गुपचूप तरी काढ गो! कोणाक कळाचां नाय. आमका वाडीत तोंड दाखवूक जागा तरी ठेव!"

"माजी वस्तू मी चोरून कित्याक काढू?"

 आई पुरणाचं पातेलं माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "वाट तर मगे. हातापायाक काम आसला काय डोक्यातला खूळ कमी होता." पण त्यांच्या आवाजात धार नव्हती.

दिवेलागणीला यशवंत आला. यशवंत म्हणजे माझा नवरा. एसटीत कंडक्टर. (नवऱ्याचं नाव घेतल्याने त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात, तो आज सत्तरीला आला आहे आणि माझ्यापेक्षा जास्त जेवतो.) चाकरमान्यांच्या गर्दीत दिवसभर उभा राहून त्याचा चेहरा उतरलेला होता. मी त्याला अंगणातच गाठलं आणि सगळं सांगितलं.

"आबा काय म्हणतत?"

"भिंतीकडे तोंड करून पडलेत."

"आणि तू काय करतलंस?"

"काढतलंय."

यशवंतने चपला काढल्या, पाय धुतले, आणि म्हणाला, "उद्या माजी पणजीची गाडी आसा. पयली."

एवढंच. पण तो आत गेला आणि थोड्या वेळाने लाकडी स्टूल उचलून आणून गणपतीच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलं. नवरा म्हणून त्या दिवशी त्याने एकच काम केलं, पण वेळेवर केलं.

वाडीची आरती मंडळी घर घेत घेत आमच्याकडे आली. ढोलकी, टाळ, पोरंबाळं, मुंबईचे पाहुणे. खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. आरती झाली. मी मनाशी एकेक ओळ मोजत होते. शेवटचा जयघोष झाला तशी मी पदर खोचला आणि स्टूल पुढे ओढलं.

"दमू, काय करतंस गो?" बुधाजीकाका म्हणाले.

"माजी शेंग काढतंय, काका."

खोलीत एकदम कुजबुज सुटली. कोणी म्हणालं, घराला बरं नव्हे. कोणी म्हणालं, शिकलेल्या सुना करायच्याच नाहीत. मी शिकले कसली, दहावीला गणितात आपटलेली! बुधाजीकाकांनी स्टूल धरलं. "सोमा!" त्यांनी आबांना नावाने हाक मारली. "सुनेक आवर! देवाच्या डोक्यावरचां काढता ती!"

आबा दाराच्या चौकटीत उभे होते. गर्दी सरकली, ते पुढे आले. माझा एक पाय स्टुलावर होता. मी ठरवलं होतं, त्यांनी हात धरला तरी काढायची. मला अजून आठवतं, मी त्यांच्याकडे बघितलं नाही, शेंगेकडेच बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघितलं असतं तर माझं धैर्य सरलं असतं.

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, काखेत धरली, आणि हात जोडून गणपतीसमोर उभे राहिले. मोठ्याने म्हणाले, "बा देवा गजानना, म्हाराजा!"

आमच्याकडे कोणतंही शुभकार्य असो, संकट असो, घरातला कर्ता माणूस देवाला असं गाऱ्हाणं घालतो, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायचा असतो. देवाला साकडं घातलं की मागे कोणी गप्प राहत नाही. जीभ आपोआप वळते.

"व्हय म्हाराजा!" खोली म्हणाली.

"धुऱ्यांच्या घरात आज तुजी सेवा झाली. उणां-अधिक गोड मानून घे रे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सकाळी मी तुका एक फळ व्हायलां. तां फळ माजां नव्हतां, म्हाराजा!"

इथे हुंकार जरा अडखळला. पण आला. "व्हय म्हाराजा!"

"झाड माज्या सुनेचां. राखण तिची. कष्ट तिचे. मी मालकिणीक इचारूक नाय, आणि तुका देऊन मोकळो झालंय. घरातली वस्तू ती माजीच, असां समाजलंय. थंय मी चुकलंय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यांत जोरात बुधाजीकाका म्हणाले. आबा चुकले हे कबूल करायची संधी ते चाळीस वर्षं शोधत होते.

"चोरीचां तुका चलना नाय. म्हणजे जां मी व्हायलां, तां तुका पावलांच नाय. मालकिणीची वस्तू मालकिणीक जाता. ह्येच्यात तिचो दोष नाय, तुजो कोप नाय. आणि गोठो आजपासून तिचो. त्यात काजू भरूचो नाय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या हाताक यश दी. मगे तिका वाटला, तर ती आपल्या हातान तुका फळ देतली. नाय वाटला तर नाय देतली. तां तिच्या मनार, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मीही म्हणाले.  आबांनी टोपी डोक्यावर ठेवली, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "काढ, मालकीण. खोळंबलंस कित्याक?"

बुधाजीकाकांनी स्टूल सोडलं नाही. पण आता ते मी पडू नये म्हणून धरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीला मी यशवंतच्या गाडीत, त्याच्या सीटशेजारी, मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. पिशवीत मोदकांचा डबा, डब्यावर कोऱ्या कागदाची पुडी. बांदा मागे पडल्यावर गर्दी जरा कमी झाली. मी यशवंतला म्हटलं, "एक राहिलंच सांगायचं. तू ते काटे बांधलेस म्हणून माझी शेंग एवढी तरी वाचली. वानरांनी केव्हाच खाल्ली असती."

"खंयचे काटे?"

"गोठ्यातले. करवंदीचे. झाडाभोवती."

"मी खंय बांधलंय?" यशवंतने तिकीट फाडता फाडता माझ्याकडे पाहिलं. "आबा बांधत होते. मृगात. माका म्हणाले, तिका सांगू नको, फुशारतली."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. मृगापासून म्हणजे शेंग धरल्यापासून. माझं लक्ष नसताना, मी विहिरीवर किंवा चुलीशी असताना, हा माणूस रोज गोठ्यात जाऊन माझी शेंग किती वाढली ते बघत होता. आणि मग आनंद पोटात मावेना म्हणून देवाला नेऊन दाखवली. मला हसू आलं आणि डोळेही भरले. यशवंतने पुढच्या माणसाला सुट्टे पैसे देत मला विचारलं, "गाडी लागली काय गो?"

फोंड्याला डॉक्टर लवंदेंनी घरच्या गणपतीची पंगत सोडून प्रयोगशाळा उघडली. पुडी सोडली, शेंग चिमट्यात धरून उजेडात फिरवली.

"कापली कोणी म्हणालीस?"

"सासऱ्यांनी."

"माणूस आंब्यातला आहे वाटतं. देठ लांब ठेवून कापलीय बघ. हापूस उतरवतात तशी. मुळाशी तोडली असती तर इथपर्यंत सडली असती."

त्यांनी ती पेरली. बहुतेक बाटल्या काळ्या पडल्या. माघात बाईंचा फोन आला, की एका बाटलीत मोहरीएवढे हिरवे दाणे दिसताहेत. शिमग्याला मी ती बाटली घरी आणली आणि आबांच्या पुढ्यात ठेवली. ते चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "शेवाळ दिसता." मग ती बाटली घेऊन वाडीत घरोघर फिरले.

त्या एका बाटलीतून गोठा सुरू झाला. आता गोठ्याला छप्पर कमी आणि हिरवी जाळी जास्त आहे, शेजारची पडीक जमीनही जाळीखाली आहे, प्रयोगशाळा आमची स्वतःची आहे, आणि गोव्यातल्या लग्नांना, हॉटेलांना आमची फुलं जातात. पाटीवर मोठं नाव आहे, पण कोणी ते घेत नाही. "गोठ्यातली फुलं" एवढंच म्हणतात. जांभळी वेणी फुलायला पाच वर्षं लागली. पहिला घोस आबांनी पाहिला. खाता येत नाही म्हणून त्यावरही कुरकुरले. ते असेपर्यंत दर चतुर्थीला ओटीवरून विचारायचे, "मालकीण, ह्या वर्सा देवाक काय देतंस काय नाय?" आणि मी दर वर्षी एक शेंग माझ्या हाताने बांधायचे.

या वर्षी आबा नाहीत. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी कात्री घेऊन जाळीत गेले. सगळ्यांत भरलेली, तेजदार शेंग टोकाच्या रांगेत होती, माझी सून शर्वरी हिने केलेल्या संकराची. तिचा पहिलाच. मी फांदी वाकवली, कात्री देठाला लावली, आणि थांबले.

"शर्वरी!" मी हाक मारली. "ही शेंग माटवीला देऊ का ग?"

ती बाटल्यांच्या खोलीतून धावतच आली. शेंगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ओठ चावला.

"नको ना, आई," ती म्हणाली. "ही माझी एकच आहे."

"बरं," मी म्हटलं.

मग मी माझ्या रांगेत गेले, माझ्या झाडांतली त्यातल्या त्यात चांगली शेंग निवडली, आणि लांब देठ ठेवून कापली.